अर्जावरची शेजारीण

चादरींच्या घड्या निम्म्यावर सोडून वही उघडली आहे. सकाळी देवापुढे बसले, तिथेही तेच डोळ्यांपुढे येत होतं.

माझे धाकटे दीर चष्म्याच्या काचा घासून बसवतात. गिऱ्हाइकाची टर उडवल्याशिवाय चष्मा हातात द्यायचे नाहीत. मला म्हणायचे, "नंबर तोच आहे वहिनी, दादाकडे बघणं तेवढं कमी करा."

दोन वर्षांपूर्वी ते गप्प झाले. दुकान उघडून दिवा न लावताच बसायचे. एकदा म्हणाले, सकाळी जाग येते याचाच राग येतो. मी नामस्मरण करा म्हटलं आणि भांडी घासायला लागले. दोन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, गुण नाही. मग मनोविकाराच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलं. औषध ऑपरेशनच्या भुलीचंच, पण अगदी थोडं, सलाइनमधून, नर्सच्या नजरेखाली. त्या दिवशी एकट्याने घरी जायचं नाही. तिसऱ्या खेपेला आमच्या यांना सुट्टी मिळेना, म्हणून मी सोबत गेले.

तिथे बाकावर आमच्या प्रार्थनामंडळातल्या एक बाई. अर्जात रुग्णाशी नातं विचारलं होतं आणि त्या वाकून बघत होत्या. मी लिहिलं, शेजारीण. त्या स्वतः तिथे कशाला आल्या होत्या, हे तेव्हा मनातही आलं नाही.

सलाइन संपल्यावर नर्स म्हणाली, शेजाऱ्यांबरोबर पाठवता येत नाही, घरचं माणूस बोलवा. तेव्हा तरी तोंड उघडायचं. पण बाई दारातच होत्या. भाऊजींनी जड डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाले, "शेजारीणच आहेत. फार चांगल्या आहेत." हे कामावरून येईपर्यंत दोन तास भाऊजी खुर्चीत बसून राहिले. मी यांना खरं कारण सांगितलं नाही.

घरी मी चहा ठेवला. मागून आवाज आला, "शेजारीणबाई, साखर जरा बेताने." किती महिन्यांनी त्यांनी थट्टा केली. औषध लागू पडतंय हे कळलं, आणि मला मान वर करवेना.

काल भाऊजींनी यांच्याबरोबर निरोप पाठवला, पुढची खेप राहू दे, वहिनींना अवघड होतं. यांना वाटलं, माझे गुडघे दुखतात. आज सकाळी खरं काय ते सांगितलं. हे डबा न घेताच गेले.

आता भाऊजींच्या दुकानात जायचं आहे, गुरुवारी नऊ वाजता माझ्याबरोबर चला म्हणून सांगायला.