डावा हात खाली

१९७८ च्या बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, कराडजवळच्या उसात हेलिकॉप्टर कोसळलं आणि कुंडलचा आमचा पायलट गेला. त्याच्यावर अन्याय झाला तो त्यानंतर आठ दिवसांनी. औषध फवारणाऱ्या कंपनीनं त्याच्या आईला कळवलं, की शिकाऊ वैमानिकानं घाबरून डाव्या हातातला दांडा वर ओढला. हे खोटं आहे.

पायलट म्हटलं की तो ओशाळायचा. "शिकतोय रं अजून. पास झालो की म्हणा." फौजेतून मेकॅनिक म्हणून परतला होता, कंपनीत उडवायला शिकत होता. सुट्टीला आला की आमच्या विहिरीवर खुर्ची टाकायचा. पायाखाली दोन विटा, डाव्या हाताला खोऱ्याचा दांडा. दांडा उचलला की यंत्र चढतं. पण इंजिन मेलं तर तो त्याच क्षणी खाली दाबायचा, नाहीतर पंखा मंदावतो आणि माणूस धोंड्यासारखा पडतो. बैल बुजले की आपण कासरा ओढतो. तीच खोड त्याला मोडायची होती.

माझं काम एकच, कॉलेजातून आलो की न सांगता विहिरीवरचं इंजिन बंद करायचं. पुढं पुढं माझा हात इंजिनला लागायच्या आतच त्याचा हात खाली गेलेला असायचा. पाठ माझ्याकडं असायची. कसं कळतं म्हणून मी विचारलं, तर हसला नाही.

"मरायच्या आदी इंजिन जरा गप हुतं, गड्या. तुला ऐकू येत न्हाई?"

त्या बेंदराला पोळी खाताना त्याचा हात दोनदा खाली गेला. त्याची आई म्हणाली, बैलांसंगं तुझीबी शिंगं रंगवू काय? मग त्यानं सांगितलं, की कंपनीचं यंत्र खोकतंय. साहेबाला सांगितलं, तर साहेब म्हणाला, उडव नाहीतर घरी जा.

त्याला आणला तेव्हा उजवा हात छातीवर घेता आला. डावा येईना. चौघांनी जोर लावला. कमरेशी सरळ खाली, मूठ आवळलेली. तसाच सरणावर ठेवला.

परवा विहिरीवर माझा डावा हात आपोआप खाली गेला. वळून बघितलं, इंजिन धडधडत होतं. मग थांबलं.

खांदेकऱ्यांनो, तो हात तुम्ही धरलाय आणि आता गप बसलाय. कंपनीच्या पत्राखाली मी बघितलं ते लिहून सही केली आहे. सोमवारी चावडीवर या, तुम्ही बघितलं ते सांगा. सही येत नसेल त्यानं अंगठा द्यावा. डाव्या हाताचा.