सगुणच्या रक्तातलं गाऱ्हाणं

"देवाक मोठ्यान सांगूचा लागता, तो काय डॉक्टर न्हय, रिपोर्ट बघून समजाक," असं सगुण एकदा म्हणाला होता, तेही डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर. शेजारी बसलेल्या देवकीला, त्याच्या थोरल्या बहिणीला, खुर्चीखाली शिरावंसं वाटलं होतं.

सगुण डिचोलीकडे मिनीबस चालवायचा. पण त्याची खरी नोकरी देवळातली. जत्रेला गाऱ्हाणं घालून गावाची सुखदुःखं तो देवापुढे मांडायचा आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. आवाज असा, की शेजारच्या गावचा देवही कूस बदलत असेल.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. देवकीची अस्थिमज्जा जुळली, मुंबईला जाऊन ती त्याच्यात घातली, आणि सगुणचा रक्तगटसुद्धा बहिणीचा झाला. यावर देवळाचा कारभार बघणाऱ्या शांतारामकाकांनी शंका काढली. देवकी पेडण्याला दिलेली. म्हणजे सगुणच्या अंगात आता पेडण्याच्या घरचं रक्त. आपला देव त्याचं ऐकेल? एक जत्रा सगुणवाचून गेली. शेवटी देवाला कौल लावला, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि यंदाच्या जत्रेचं, रविवारचं गाऱ्हाणं सगुणला मिळालं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधीच बजावलं होतं. बहिणीच्या पेशींना हे शरीर परकं वाटू शकतं. उपचारांनी दुखावलेलं आतडं नि कातडी रक्तात निरोप सोडतात. ते ऐकून नव्या पेशी धावून येतात, मारायला लागतात, आणि स्वतःही आणखी निरोप सोडतात.

"म्हंजे एकटो गाराणा घालता आणि बाकीचे व्हय म्हाराजा," सगुण म्हणाला.

"अगदी तसंच. फक्त गाऱ्हाणं तुमच्याविरुद्ध असतं." वेळेत आलात तर निरोप ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे घालणारी औषधं आहेत, असंही त्या म्हणाल्या. पण साऱ्यांनाच कायम बहिरं करता येत नाही. उरलासुरला कॅन्सर त्याच पेशी मारतात. उशीर केलात तर आतडं जाईल, कदाचित तुम्हीही.

जत्रेच्या आधीच्या गुरुवारी सगुणची बायको संजना हिचा फोन आला. "वन्सं, ह्येंची ह्या आठवड्यातली ही तिसरी एकादशी." म्हणजे सगुणने पुन्हा ताटाला हात लावला नव्हता.

देवकी स्कूटरवरून तडक आली. सगुण ओसरीवर पेजेची वाटी घेऊन बसला होता. शेजारी शांतारामकाका रविवारचं ठरवायला आलेले. उन्हाळ्यात सगुणच्या हातात बसचे हातमोजे.

"काढ ते."

त्याने मान हलवली. देवकीने स्वतःच ओढून काढले. तळवे लालभडक, सोललेले.

"तोंड उघड."

उघडलं. आत फोडच फोड. सगळ्या गावाचं बोलणारा माणूस दोन दिवस नुसतं 'हं' करत होता.

"आणि पोट?"

"रातभर पायखान्यात असतत," दारातून संजना म्हणाली. सगुणने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं देऊळच विकलं.

देवकीच्या मनात मात्र वेगळंच सलत होतं. ज्या भावाला तिने लहानपणी कडेवर मिरवलं, त्याला आता तिचंच रक्त आतून बडवत होतं. बरं, भांडणार कुणाशी?

"आयतवार झालो की घेवन जावया," काका म्हणाले. "तीन दिसांचो प्रश्न."

सगुणने जोरात मान डोलावली.

देवकीने पदर खोचला, तुळशीकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकांच्या तोंडून आपोआप गेलं. आयुष्यभर त्यांनी एवढंच म्हटलं होतं.

"ह्या सगुणाच्या आंगात माजा रगात इला, आणि घरच्या मालकाकच मारूक लागला."

"व्हय म्हाराजा."

"ह्येचो आवाज रवाचो तर आज आत्ता ह्येका डॉक्टरणीकडे जावची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि आयतवारचा गाराणा शांतारामकाका घालतले, ता गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. "गो बाय, माका खंय येता—"

"देवासमोर म्हटलास."

काका सगुणकडे पाहू लागले. सगुणच्या फुटक्या ओठांवर हसू आलं आणि लगेच दुखून गेलं. त्याने वाटी खाली ठेवली. संजनाने इस्पितळाची पिशवी केव्हाच भरून दाराशी ठेवली होती. ती त्याने उचलली, देवकीच्या हातातली स्कूटरची चावी काढून घेतली, आणि बाहेर पडला.