ताईने न बघितलेला चेहरा

ताईच्या छातीत दूध उतरलं त्या दिवशी घरात सगळे एकमेकांची नजर चुकवत होते. बाळ नव्हतं. नववा महिना लागल्यावर ते पोटातच गेलं आणि तरी कळा देऊन त्याला बाहेर आणावं लागलं. असं असतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, गेलं म्हणजे गेलं, पुढे काही करायचं नसतं. दूध मात्र वेळेवर आलं. त्याला कोणी कळवलंच नव्हतं.

मी कुडाळची. कॉलेज संपवून नोकरीसाठी बोरीवलीला ताईकडे राहायला आले. घरात माझं काम एकच, नकला करायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी पाणी जाणार हे सांगायच्या आधी कसे खाकरतात, भावोजी बॉसचा फोन आला की कसे ताठ उभे राहतात, ताईच्या सासूबाई वांगं उलटंसुलटं करून भाजीवाल्याकडे कशा बघतात. सासूबाईंसमोर त्यांचीच नक्कल केली तरी त्या एवढंच म्हणायच्या, "कार्टी मेली. जेव आता." ताई पोट धरून हसायची. शेवटी शेवटी तर दोन्ही हातांनी धरून.

हॉस्पिटलमधून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी एकदा सेक्रेटरींसारखं खाकरून बघितलं. ती म्हणाली, "नको ना यार."

डूला तिनेच शोधली होती, मुलुंडची. डूला म्हणजे बाळंतपणात सोबतीला राहणारी बाई. डॉक्टर नाही, नर्स नाही. कळा येताना हात धरते, कंबर दाबते, नंतर घरी येऊन बसते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिलेला, "म्हणजे शेजारीणच की. आमच्या चाळीत दर खोलीत एक होती."

हॉस्पिटलमध्ये ती ताईच्या उशाशी शेवटपर्यंत होती. बाळ आल्यावर तिने ताईला हळूच विचारलं, "बघायचंय? काही घाई नाही." ताई डोळे मिटून पडलेली. दारातून सासूबाईच बोलल्या, "नको. बघितलं की जीव अडकतो. घेऊन जा त्याला." कोणी वाद घातला नाही. नर्सने गुंडाळलेलं बाळ सासूबाईंच्या हातात दिलं. मी शेजारी उभी होते, मी चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. भावोजींनी बघितलं नाही. तसंच उचललं आणि त्यांच्या काकांबरोबर पुरायला गेले. फोटोसुद्धा कोणी काढला नाही.

घरी आल्यावर बाळंतपण बंद. मालिशवालीला येऊ नको म्हणून सांगितलं. शेक नाही, धुरी नाही. लाडवांसाठी आणलेला डिंक आणि अळीव सासूबाईंनी सगळ्यात वरच्या फळीवर मागे ढकलले. मूल नाही तर बाळंतीण कसली, असा सगळा हिशेब. मला ते तेव्हा चुकीचं वाटलंही नाही. मला वाटलं, लाडू बघून ताईला जास्त लागेल.

दूध आल्यावर डूला दुपारची घरी आली. ताईची छाती दगडासारखी झालेली, ब्लाउजही सोसत नव्हता. डूलाने सासूबाईंना विचारलं, "काकू, फ्रिजमध्ये कोबी आहे?" सासूबाईंना वाटलं, बाई जेवायला थांबतेय. त्यांनी गड्डा आणून दिला. डूलाने त्याची गार पानं सोडवली, लाटण्याने जरा चेचली आणि ठणका उतरावा म्हणून ताईच्या छातीवर ठेवली.

"संध्याकाळची भाजी होती ती," सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. ताई हसली नाही, म्हणून मी ते गिळलं.

"मालिशला कोणी येतं का?" डूलाने विचारलं.

"कुणाला करायची मालिश? मूल कुठाय?"

"काकू, अंग तर बाळंतिणीचंच आहे ना."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज काही आला नाही.

मग ताई भिंतीकडे बघतच म्हणाली, "तू बघितलंस ना त्याला?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. सासूबाईंनी मला आधीच दम दिला होता, "विचारलं तरी सांगू नको. विसरू दे तिला." त्यामुळे ताई कूस वळवून माझ्याकडे बघायला लागली की मला लगेच कोणाचा तरी फोन यायचा. आज पळायला जागा नव्हती. मी डूलाकडे बघितलं. ती पान नीट करत होती.

"हो," मी म्हणाले.

"कसा होता?"

"छान होता गं."

"छान म्हणजे?"

"गोरा. केस होते भरपूर. नाक एवढुसं."

"सगळ्यांचं एवढुसंच असतं. तू कुठल्याही बाळाचं सांगतेयस. माझं सांग."

मी आणखी दोन-तीन वाक्यं बोलले, ती तर आणखी भंगार. शब्द काढला की तो बाळाच्या साबणाच्या जाहिरातीतला वाटायचा. ताई तोंड परत वळवायला लागली. मग मी बोलायचं सोडलं, पलंगाला टेकून खाली बसले आणि चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर नेला. डोळे मिटले. गाल सैल सोडले. भुवया जरा वर नेल्या, झोपेतून कोणीतरी मधेच हलवल्यासारख्या. हनुवटी आत घेतली. ओठ मिटले.

माझ्या भुवईवर बोट टेकलं. कोबीचा वास आला, म्हणजे ताईचंच.

"भुवया अशा?"

"हं," मी ओठ न उघडता म्हटलं.

बोट नाकावरून खाली ओठांपर्यंत आलं आणि थांबलं.

"तसो नव्हतो," दारातून सासूबाईंचा आवाज आला, एकदम आमच्या मालवणीत. "खालचो ओठ वायच भायर होतो. रुसल्यासारखो."

मी खालचा ओठ जरा बाहेर काढला.

"हां," त्या म्हणाल्या. पलंग पायथ्याशी दबला, त्या बसल्या असणार. "आणि केस मानेपर्यंत. कानावर पण लव होती."

"मुठी?" ताईने विचारलं. आवाज फाटलेला.

"एक मिटलेली. एक नाय."

ताई रडायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा. सासूबाई तिचा पाय दाबत होत्या, पलंग हलत होता त्यावरून कळत होतं. माझे गाल अवघडले होते, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि त्याने चेहरा बिघडेल अशी मला भीती वाटत होती.

"थांब," ताई म्हणाली. "हलू नकोस."

मी हलले नाही.