माडीवरचा वन्स मोअर

मला तीन स्थळांनी नाकारलं, तेव्हा सांगलीच्या मावशीचं मत पडलं की दोष माझ्यात नसून पोह्यांत आहे. म्हणून चौथ्या वेळी पोहे रद्द करून मला संगीत नाटकाला न्यायचं ठरलं. मुलाकडची मंडळी त्याच खेळाला येतील, बायकांच्या जागेतून मला गुपचूप बघतील, आणि मी पसंत पडले नाही तर कुणी कुणाच्या दारात गेलेलं नसल्यामुळं कुणाचा अपमान होणार नाही. माझा होईल की नाही, हा विचार मावशीच्या बेतात बसत नव्हता.

लढाईचे दिवस होते. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं साताऱ्याहून सांगलीला पोचेपर्यंत माझं नवं पिवळं लुगडं करडं झालं. वडील पलटणीतून जमादार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यांनी वाटेत तीनदा माझी तपासणी केली: पदर, बांगड्या, नखं.

खरं सांगायचं तर हे स्थळ मला हवं होतं. मुलगा माधवनगरला शाळामास्तर होता आणि बायकोला मॅट्रिकला बसू देईन, असं त्यानं मध्यस्थाला आपण होऊन सांगितलं होतं. माझी शाळा इंग्रजी चौथीतच सुटली होती. त्या एका वाक्यासाठी मी त्याचं तोंडही न बघता होकार दिला असता. अर्थात मला विचारायला कुणाला सवड होती?

नाटकगृहात पुरुष खाली आणि बायका वर माडीवर. मुलाची आई माडीवर कुठंतरी होती. कुठं, ते मावशीनं मुद्दाम सांगितलं नाही, त्यामुळं मला दीडशे बायकांसमोर एकाच वेळी सुशील दिसावं लागत होतं. मान अवघडली.

खेळ एका राजपुत्राचा होता. राजपुत्र पन्नाशीचा, आणि त्याचं पोट त्याच्याआधी रंगमंचावर येई. खालची पुरुषमंडळी प्रत्येक पदाला 'वन्स मोअर'ची आरोळी ठोकत. नायिका रुसून आत जाई, आरोळी झाली की बाहेर येऊन पुन्हा पहिल्यापासून रुसे. माडीवरून मात्र कुणी आरोळी देत नसे. बायकांना पद आवडलं, तर ते खालच्या पुरुषांना आवडेपर्यंत त्यांनी वाट बघायची, अशी रीत होती.

मध्यंतरानंतर राजपुत्रानं एक साधं, संथ पद म्हटलं. त्याचं पोट, त्याची पन्नाशी, सगळं मी विसरले. अंगावर काटा आला. पण पुरुषमंडळी अजून बाहेर सोडावॉटर पीत होती. खाली निम्म्या खुर्च्या मोकळ्या. पद संपलं आणि कुणीच ओरडलं नाही.

माझ्या शेजारी पांढऱ्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची एक बाई बसली होती. इतका वेळ ती अवाक्षर बोलली नव्हती. आता डोळे मिटूनच म्हणाली, "लय ग्वाड म्हटलं गं. पुन्यांदा म्हन म्हनावं त्याला."

"आवं, मग तुमीच वरडा की," मी म्हटलं.

"मी कशी वरडू? तू वरड. तुझा गळा तरना हाय."

मी ओरडले. पेटीवाल्यानं दचकून मान वर केली. खाली वडील ताडकन उभे राहिले. आवाज त्यांनी लगेच ओळखला, कारण तो मला त्यांच्याकडूनच आला होता. राजपुत्रानं माडीकडं बघून हात जोडले आणि पद पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षाही चांगलं. शेजारची बाई पदरानं डोळे पुसत ऐकत होती.

पद संपताच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "आक्का, कोन वो वरडली ती?"

शेजारची बाई मागं न बघता म्हणाली, "ही काय हितं बसलीया, हीच."

मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की मला सगळं कळलं. मागं बसली होती ती मुलाची आई, आणि शेजारची तिची विधवा नणंद, मुलाची आत्या. मला जवळून बघायला तिला मुद्दाम तिथं बसवलं होतं.

आम्ही मावशीकडंच मुक्कामाला होतो. चौथ्या दिवशी तिथं निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण चारचौघांत ओरडते. मास्तरांचं मत निरोपात नव्हतं. बायकोला मॅट्रिक करायला निघालेल्या माणसाला स्वतःचं मत असेल, असं मी उगाच धरून चालले होते. मी मोरीत जाऊन रडले, आणि मास्तरापेक्षा मला त्या आत्याचा जास्त राग आला होता.

मावशी तिकडं त्या आत्याचं कौतुक करत होती, की ती विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडं परत आली, त्याच्याच घरात राबते, तिला कधी कुठं जत्रेलासुद्धा नेत नाहीत. या खेपेला नेलं, ते पोरी पारखायची तिची नजर चांगली म्हणून.

तेवढ्यात वडील समोर येऊन उभे राहिले. "तुला वरडायला कुनी सांगितलं व्हतं?"

खरं सांगितलं असतं तर वडील तडक माधवनगरच्या त्या दारात जाऊन उभे राहिले असते. स्थळ कदाचित सावरलंही असतं. आणि त्या बाईला पुन्हा कुणी कुठंच नेलं नसतं.

"कुनी न्हाई," मी म्हटलं.

त्या घराला तोंड मिटून राहणारी सून हवी होती. तशी मी आयुष्यात एकदाच राहिले, त्या दिवशी. पण तेव्हा बघायला त्यांच्याकडचं कुणी नव्हतं.