विमलाक्काची आठपटीची दुर्बीण

विमलाक्काच्या दुर्बिणीचे किस्से आमच्या बंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या गल्लीत लोणच्यासारखे मुरलेत. कुणाकडेही चहाला जा, बरणी उघडतेच. मी तर भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, त्यामुळे माझ्याकडचा माल अस्सल.

मूळ असं, की मागे एक धूमकेतू आला होता. अक्काचे यजमान दिनकरराव सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्यांनी कुणाची तरी दुर्बीण आणली आणि स्वतःच बघत बसले. अक्काची पाळी आली, तोवर ढग आले. सत्त्याण्णव साली दुसरा आला, तेव्हा अक्कानं जाहीर केलं, "या वेळी दुर्बीण माझी. आणि आधी मी बघणार."

*

दिनकररावांचं मत, जितकी मोठी तितकी चांगली. मित्राची वीसपटीची धूड दुर्बीण घेऊन ते आम्हाला नंदी हिल्सला पक्षी बघायला घेऊन गेले. आम्हाला म्हणजे अक्काला आणि मलाही, गाडीत जागा होती.

अक्कानं ती डोळ्यांना लावली. "पक्षी कुठाय? नुसतं झाड थरथरतंय."

"हात तुझे थरथरतायत."

मी लावली. माझंही झाड थरथरलं. म्हटलं, "भावोजी, माझेही हात का?"

"वारा आहे," ते म्हणाले.

मी पदर सोडून पाहिला. जागचा हलला नाही!

*

मग दुकान. दुकानदार म्हणाला, "अक्का, चष्मा काढा."

"चष्मा काढला तर तुमची दुर्बीणच सापडायची नाही मला."

तो हसला. डोळ्यांशी टेकतात त्या रबरी कडा त्यानं उलट्या दुमडल्या आणि तो कानडी मिसळून म्हणाला, "आता स्वल्प, जरासं बघा. सरी? ठीक?"

अक्काला चष्म्यासकट समोरची अख्खी पाटी दिसली, वर पाटीवरचा कावळाही.

*

पण खरी परीक्षा पुढेच. एकेक दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि ओठ हलवायचे, असं अक्काचं चाललेलं.

"काय पुटपुटतेस?" दिनकररावांनी विचारलं.

"गणपतीची आरती. तबक धरतो तशी धरायची. आरती संपेपर्यंत हात हलला नाही, तर ती माझी."

वीसपटीची दुसऱ्या कडव्यालाच खाली आली. पर्समध्ये मावणारी आठपटीची शेवटपर्यंत टिकली.

"देवघरात ठेवायचीय वाटतं," दिनकरराव दुकानदाराला म्हणाले. अक्कानं दुर्बीण पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

*

धूमकेतू निघून जायच्या बेतात होता आणि रोज संध्याकाळी ढग. शेवटी एकदाचं आभाळ उघडलं. दिवेलागणीला सगळी गल्ली अक्काच्या गच्चीवर. दिनकरराव मित्राची वीसपटीची परत आणून स्टँडवर लावून बसले. आभाळाचा इवलासा तुकडा दिसायचा त्यातून, त्यात ते नारळाची झावळी, पाण्याची टाकी, परत झावळी असे हिंडत होते.

अक्का कठड्याशी गेली. कोपरं टेकली. दुर्बीण डोळ्यांना लावून सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली आणि थांबली.

"आलास का रे बाबा," ती हळूच म्हणाली. "शेपटी केवढी तुझी."

मग रांग लागली. अक्कापाशी, स्टँडपाशी नव्हे. मी बघितलं, माझ्यामागच्यांनी बघितलं. सगळ्यांत शेवटी दिनकरराव येऊन उभे राहिले.

अक्कानं दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्यांना लावली. जरा वेळ गेला, आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

मी आरतीच्या टाळ्यांचा ठेका धरला. मग सगळ्या गच्चीनं धरला.