बुडीत वाडीचे नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही, बायकोलासुद्धा.

काल औषधांच्या दुकानात एक बाई गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचू बघत होत्या. पाकीट लांब धरले, जवळ आणले, उजेडाकडे केले आणि शेवटी हसून म्हणाल्या, "डोळेच गेले मेले!" बारीक अक्षराला कुणी दोष देत नाही. माणूस आपल्या डोळ्यांनाच बोल लावतो.

धरणाच्या बुडीत क्षेत्राचा नकाशा मी संगणकावर केला होता. पडद्यावर मोठे करून बघताना त्यात बुडणाऱ्या एका वाडीचे नाव ठसठशीत दिसायचे. ग्रामपंचायतीत लावायच्या लहान कागदावर मात्र ते मुंगीएवढे छापले गेले. मला ते दिसले होते. साहेब सहीसाठी खोळंबले होते, म्हणून मी गप्प बसलो.

हरकतीची मुदत संपल्यावर वाडीतल्या शेवंताबाई कार्यालयात आल्या. "भाऊ, बोट लावून लावून बघितलं. आमचं नाव दिसलं न्हाई, म्हणून वाडी सुटली समजून गूळ वाटला की वो मी!"

"नाव होतं, मावशी. नीट बघायचं ना."

"असंल बाबा," त्या ओशाळून म्हणाल्या. "माझीच नजर अधू."

आता तिथे पाणी आहे. कधीतरी मी ती जुनी फाइल उघडतो. मोठे करत जावे तसे ते नाव वाढत जाते, सबंध पडदा व्यापते आणि माझ्याकडे बघत राहते.

शेवंताबाईंची नजर चांगली होती, चूक माझी होती. हे त्यांच्यासमोर जाऊन सांगायचे अजून बाकी आहे.