गाडीला कुलूप न लावणारे बाबूजी

बाबूजी गाडीला कधी कुलूप लावत नसत. गोंदियाच्या कोर्टासमोरच्या चिंचेखाली गाडी उभी करायची, किल्ली तशीच खोचलेली ठेवायची आणि काळा कोट खांद्यावर टाकून आत चालू लागायचं, ही त्यांची रोजची पद्धत. कुणी म्हटलं, "बाबूजी, किल्ली!" तर मागे न बघता हात हलवायचे. "कायले काढू? या जिल्ह्यात गाड्या चोरनारे सारे आपलेच पक्षकार हायेत. आपल्या वकिलाची गाडी कोन नेते बे?" फुशारकी होती खरी, पण खोटं त्यात काही नव्हतं. मोटारसायकल असो, ऑटो असो की धानाच्या पोत्यांसकट नेलेला ट्रॅक्टर, वाहनचोरीत सापडलेला माणूस आधी ठाण्यात जाई आणि तिथून त्याचे घरचे थेट बाबूजींकडे येत. सगळं शहर त्यांना जमानतवाले बाबूजी म्हणायचं.

मी त्यांची ज्युनियर. वकिलीची सनद घेऊन पहिल्या दिवशी त्यांच्या ऑफिसात गेले, तेव्हा त्यांनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. "भूक लागली असताना बोलता येते का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं आणि नेमणूक झाली. दुपारचं जेवण हा त्या ऑफिसात कधी मिळणारा, कधी न मिळणारा प्रकार आहे, हे मला नंतर समजलं.

माणूस मूळचा दवनीवाड्याचा, पोवार, घरची धानाची शेती. घरी पोवारी बोलायचे, ठाण्यात हिंदी आणि न्यायाधीशांसमोर अगदी घोटीव मराठी. पण चिडले की इकडची झाडीबोली बाहेर पडायची आणि मग कोर्ट असो की देऊळ, त्यांना फरक पडत नसे. पट्टेवालासुद्धा ओळखायचा. बाबूजींच्या तोंडून "का"च्या जागी पहिला "काऊन" आला की तो दार जरासं लोटून घ्यायचा.

अल्पवयीन पोरांच्या प्रकरणात तर त्यांचा एक ठरलेला युक्तिवाद होता. "साहेब, सोळा वर्षांचं पोरगं आणि गोऱ्हा सारखेच. दावं सुटलं की पळतो, भूक लागली की घरी येतो." बाल न्याय मंडळासमोर हे वाक्य इतक्यांदा झालं होतं, की बाबूजी "पोरगं आणि" म्हणून थांबले, की समोरूनच "गोऱ्हा" असं उत्तर यायचं. बाबूजी मान झुकवून आभार मानायचे. शरम वगैरे त्यांना वाटत नसे.

आणि एका दुपारी चिंचेखालची गाडी नाहीशी झाली.

बाप्पा, काय तो तमाशा! गाडी गेली याचं दुःख होतंच, पण चोर अनोळखी निघाला याचा संताप जास्त होता. "कोन हाय हा नवा?" ते बाररूममध्ये ओरडत होते. "याले मी मालूम नाही?" संध्याकाळपर्यंत या माणसाचा कायापालट झाला. ज्यांनी आयुष्यभर जामीन मागितला, ते आता शिक्षा मागू लागले. नव्या न्याय संहितेत वाहनचोरीचं कलम कडक झालंय, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, याचं त्यांना एकाएकी कौतुक वाटू लागलं. तेही कमीच, असं त्यांचं मत. आणि लहान-मोठा भेद कशाला? "ज्याचा पाय क्लचले पुरला, थो सज्ञान!" असं म्हणून त्यांनी सरकारला द्यायचं निवेदन तयार केलं आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "बाबूजी, मग गोऱ्ह्याचं काय?" तर दोन दिवस त्यांनी मला 'वकिलीणबाई' म्हणून हाक मारली. राग आला की मी वकिलीणबाई, एरवी पोरी.

गाडी मात्र त्याच संध्याकाळी सापडली होती. चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या रस्त्यावर पोलिसांनी अडवली, तेव्हा आत एकोणीस वर्षांचं एकटं पोरगं होतं. राइस मिलमधल्या हमालाचा मुलगा, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळणारा. किल्ली दिसली, एक दिवस साहेबासारखं फिरावंसं वाटलं, असं त्याचं म्हणणं. पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? बाबूजींनी स्वतः ठाण्यात बसून ते कडक कलम लावून घेतलं. आता शिक्षा झाली तर पोरगं तुरुंगात जाणार होतं आणि भरतीचं मैदान त्याला कायमचं बंद होणार होतं.

त्याची आई आमच्या ऑफिसात आली ती हीच धास्ती घेऊन. कुणीतरी तिला सांगितलं होतं, गाडीचोरीला जमानतवाले बाबूजीच पाहिजेत. गाडी कुणाची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! ती हात जोडून म्हणाली, "बाबूजी, पोरगं चोर नाही जी. गाडीवाला लय मोठा मानूस हाय म्हन्तेत, पोराले सोडून नाही राहिला." मी तोंडाला रुमाल लावला. बाबूजींनी समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "माय, बस. थो मोठा मानूस मीच हावो."

बिचारी उठून पळायलाच निघाली. बाबूजींनी तिला खाली बसवलं, चहा पाजला आणि चहा पिऊन होईपर्यंत पोराच्या नावानं भरपूर शिव्याही ऐकवल्या. तडजोड करणार नाही, कायदा सगळ्यांना सारखा, असं ठणकावलं. आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवलं. "विधी सेवा केंद्रात जा, पैसा लागत नाही. वकील म्हनून या पोरीले माग. मी शिकवली हाय, अर्धी कच्ची हाय, पन चालते." अशा रीतीने माझ्याच गुरूविरुद्ध मी उभी राहिले, आणि तेही त्यांच्याच शिफारशीवर.

साक्षीच्या दिवशी कोर्ट खच्चून भरलं होतं. बाबूजी इस्त्रीचे कपडे घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे. सरकारी वकिलांचे प्रश्न झाले आणि उलटतपासणीला मी उठले. मी विचारलं, "किल्ली कुठे होती?" "गाडीत." "नेहमी तिथेच ठेवता?" "नेहमी." मागे हशा पिकला. त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं, की पुढचे सगळे प्रश्न माझ्या डोक्यातून उडाले. मी म्हणून टाकलं, "आणखी प्रश्न नाहीत," आणि बसले.

बाबूजी पिंजऱ्यातून उतरेनात. "बस? येवढ्यात झाली उलटतपासनी?"

न्यायाधीश म्हणाले, "बाबूजी, आज आपण साक्षीदार आहात."

"मालूम हाय साहेब. पन हे पोरगी थ्या पोराले आत टाकून राहिली, आन मी पाहत राहू का? काऊन बसली तू? गाडी भेटली तवा कशी होती, ते इचार ना!"

पट्टेवाल्याने दार लोटलं. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश हसू दाबत मला म्हणाले, "विचारायचं असेल तर विचारा." मी उठून विचारलं, "गाडी मिळाली तेव्हा कशी होती?"

आणि मग बाबूजी घोटीव मराठीत बोलले. "मी गाडी उभी केली तेव्हा पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. परत मिळाली तेव्हा टाकी अर्धी भरलेली होती. गाडी धुतलेली होती. मागच्या सीटवरचा माझा मळका दुपट्टा धुऊन, घडी घालून ठेवलेला होता. आणि पोलिसांनी मला जागेवर नेलं, तेव्हा गाडीचं तोंड गोंदियाकडे होतं."

यातलं एक अक्षर पोलिसांच्या कागदात नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे तो गाडी परत आणत होता?"

"अंदाज सांगणं साक्षीदाराचं काम नाही," ते कडाडले. "ते युक्तिवादात सांगा, वकिलीणबाई!"

युक्तिवादात मी तेच सांगितलं. पोरगं निर्दोष सुटलं आणि पुन्हा पहाटे पळू लागलं. बाररूममध्ये लोकांनी बाबूजींना छेडलं, निवेदनाचं काय झालं? ते म्हणाले, "कायदा कडकच पाहिजे. पन उलटतपासनी त्याहून कडक पाहिजे, आन आमच्या ज्युनियरले ते येत नाही." किल्ली त्यानंतरही गाडीतच असायची.

त्या हिवाळ्यात बाबूजींनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले, तर "कशी आहेस" नाही की काही नाही. "थो पेट्रोलचा प्रश्न तुले काऊन नाही सुचला?"

"तुम्ही मला कधी सांगितलंच नव्हतं, बाबूजी."

"साक्षीदार आपल्या मनानं सांगत नसते पोरी. त्याले इचारा लागते."

मी हसले, त्यांना खिचडी भरवली आणि दुसऱ्या दिवशी तारीख होती म्हणून निघून आले. थोड्याच दिवसांत बाबूजी गेले. त्यांची फार आठवण येते. कोर्टात रोज काहीतरी अडतं आणि वाटतं, बाबूजींना विचारावं. पण सगळ्यांत जास्त एकच विचारायचं होतं: त्या मायला माझ्याकडे पाठवलंत, तेव्हाच तुम्ही तिच्या पोराला सोडवायचं ठरवलं होतंत ना? खाटेजवळ एवढा वेळ बसले होते मी, आणि विचारलं नाही.